कोरियन कराटेतील ‘ह्युंग’ : शरीरात जपलेली परंपरा

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लासुर्णे हे इंदापूर तालुक्यातील गाव लागते. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरकडे जाते आणि लासुर्ण्याच्या अलीकडे बेलवाडीला गोल रिंगण होते. त्या वेळी टाळकरी जी पावली घालतात, ती त्यांना कोणी कागदावर लिहून दिलेली नसते. पाऊल केव्हा पुढे टाकायचे, केव्हा मागे घ्यायचे, टाळाच्या कोणत्या ठेक्यावर वळायचे, हे वडीलधाऱ्यांना पाहून आणि त्यांच्यासोबत चालून अंगवळणी पडलेले असते. शरीराच्या साहाय्याने एखादी परंपरा कशी जतन होते, याचे याहून जवळचे उदाहरण या भागातील माणसाला देता येणार नाही.

अशा गावांतील मुले आज आणखी एका प्रकारे पावले टाकायला शिकतात. तायक्वांदो आणि कराटे हे खेळ शालेय क्रीडा स्पर्धांत तालुका पातळीपासून राज्य पातळीपर्यंत आता चांगलेच रुळले आहेत. पांढरा गणवेश घातलेली मुले ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियन भाषेतील आकडे मोजत एका ओळीत पुढे जातात, वळतात, हात खाली आणतात, ठोसा मारतात आणि शेवटी निघाली होती त्याच जागी परत येतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो. पाहणाऱ्या पालकांना ही एक शिस्तबद्ध कवायत वाटते. वस्तुतः या मालिकांमध्ये आशिया खंडातील एका शतकाचे राजकारण, युद्धे आणि राष्ट्राभिमान दडलेले आहेत. त्यांची ही ओळख.

ह्युंग, तूल, पूमसे

काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकट्याने, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक दिशांना करावयाच्या बचावाच्या व आक्रमणाच्या हालचालींची मालिका, अशी या अभ्यासाची व्याख्या करता येईल. मराठीत आपण त्याला ‘आकृतिबंध’ म्हणू. जपानी कराटेत त्याला ‘काता’ म्हणतात. कोरियन परंपरेत तीन शब्द प्रचलित आहेत. ‘ह्युंग’ हा जुना शब्द असून त्याचा अर्थ साचा किंवा आकार असा होतो. तांग सू दो या पद्धतीत तो आजही वापरला जातो. आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशनच्या परंपरेत ‘तूल’ म्हणतात, तर ऑलिंपिकमधील तायक्वांदोचे नियमन करणाऱ्या ‘वर्ल्ड तायक्वांदो’ या संघटनेच्या परंपरेत ‘पूमसे’ हा शब्द रूढ आहे. शब्द कोणता वापरला जातो, यावरूनच शिक्षक कोणत्या घराण्यातला आहे ते ओळखता येते.

‘कोरियन कराटे’ हे नाव मात्र कोरियात तयार झालेले नाही. १९५० ते १९५३ या काळातील कोरियन युद्धानंतर तेथे तैनात असलेले अमेरिकी सैनिक ही विद्या शिकले आणि त्यांनी ती मायदेशी नेली. कराटे हा शब्द अमेरिकेत आधीच परिचित असल्याने कोरियन शिक्षकांनीही आपल्या वर्गांच्या पाट्यांवर तोच वापरला. अमेरिकी हवाई दलात असताना कोरियात तांग सू दो शिकलेले आणि पुढे चित्रपटांमुळे जगभर पोहोचलेले चक नॉरिस हे या पिढीतील सर्वांत परिचित नाव.

एक मालिका, तीन देश

या आकृतिबंधांचे मूळ शोधताना ओकिनावा बेटावर जावे लागते. स्वतंत्र राज्य असलेले हे बेट जपानने १८७९ मध्ये खालसा केले. तेथील हातघाईची विद्या तोवर गुरूकडून मोजक्या शिष्यांकडे जात असे. इतोसु आंको (१८३१ ते १९१५) या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती शाळेत आणली. वर्गातील अनेक मुलांना एकाच वेळी शिकवता यावे म्हणून त्यांनी जुन्या, दीर्घ मालिकांच्या आधारे पाच सोपे आकृतिबंध प्रचारात आणले. ‘पिनान’ हे त्यांचे नाव. ज्या दोन चिनी अक्षरांनी ते लिहिले जाते, त्यांचा अर्थ ‘शांत व सुरक्षित’ असा आहे.

इतोसु यांच्या प्रभावळीतील फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये टोकियोला गेले आणि त्यांनी कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवले. त्यांनी तीच अक्षरे जपानी उच्चाराने वाचून नाव केले ‘हेइआन’ आणि पहिल्या दोन मालिकांचा क्रमही उलटा केला. खुद्द ‘कराटे’ या शब्दाचेही असेच झाले. पूर्वी तो ‘तांग राजवटीचा (म्हणजे चीनचा) हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई. १९३०च्या दशकात, जपानचे चीनशी संबंध बिघडत असताना, उच्चार तोच ठेवून अक्षरे बदलली गेली आणि अर्थ झाला ‘रिकता हात’. हे रितेपण दर्शविणारे अक्षर बौद्ध विचारातील ‘शून्य’ या संकल्पनेसाठीही वापरले जाते.

१९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. शिक्षणासाठी जपानला गेलेले कोरियन तरुण तेथे कराटे शिकले. टोकियोत फुनाकोशींच्या हाताखाली शिकलेले ली वॉन कुक यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये ‘चुंग दो क्वान’ सुरू केले. ९ नोव्हेंबर १९४५ रोजी ह्वांग की यांनी ‘मू दुक क्वान’ स्थापन केले. क्वान म्हणजे आपल्याकडील तालमीसारखे घर; वस्ताद, शिष्य आणि शिकवण्याची रीत यांसह. स्वातंत्र्याच्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत अशी पाच प्रमुख क्वान उभी राहिली.

तेथे शिकवले जाई ते मुख्यतः जपानमधून आलेले कराटेच. ‘हेइआन’ची तीच दोन अक्षरे कोरियन उच्चाराने ‘प्योंगआन’ झाली. ‘तांगचा हात’ हा जुना शब्दही कोरियन उच्चाराने ‘तांग सू’ झाला आणि त्यातून ‘तांग सू दो’ हे नाव रूढ झाले. आज तांग सू दो शिकणारा विद्यार्थी प्योंगआनच्या पाच मालिका करतो, तेव्हा फुनाकोशींनी बदललेला क्रमच तो पाळत असतो. तेवढ्या एका खुणेवरून या विद्येचा प्रवास ओकिनावातून थेट नव्हे, तर टोकियोमार्गे झाला, हे कळते.

शत्रूच्या मुशीतील वीरगाथा

स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला जपानी वारसा पचणे अवघड होते. त्यावर तीन वेगवेगळी उत्तरे शोधली गेली.

पहिले उत्तर सेनाधिकारी चोई होंग ही यांचे. त्यांच्या पुढाकाराने ११ एप्रिल १९५५ रोजी ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले आणि १९६६ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशनची स्थापना केली. त्यांच्या पद्धतीत चोवीस तूल आहेत. दिवसाच्या चोवीस तासांशी त्यांनी ही संख्या जोडली. बहुतेक तूलांना कोरियाच्या इतिहासातील व्यक्तींची वा घटनांची नावे आहेत. ‘साम-इल’ हा तूल १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीचा. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या तेहतीस देशभक्तांसाठी त्यात तेहतीस हालचाली. ‘चुंग-मू’ हा नौसेनापती यी सुन-सिन यांचा. त्याचा शेवट डाव्या हाताच्या प्रहाराने होतो आणि तो त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कर्तृत्वाचे प्रतीक मानला जातो.

यांतील ‘जुंग-गुन’ या तूलाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कोरियात जपानचे पहिले महानिवासी असलेले इतो हिरोबुमी यांच्यावर १९०९ मध्ये हार्बिन स्थानकात गोळ्या झाडणारे आन जुंग-गुन यांच्या नावाचा हा तूल. १९१० मध्ये त्यांना फाशी झाली. परंपरेनुसार तेव्हाचे त्यांचे वय बत्तीस, म्हणून हालचालीही बत्तीस. पुण्याच्या वाचकाला येथे १८९७ मधील चाफेकर बंधूंची आठवण व्हावी. पण या तूलाची ठेवण पाहिली, तर उभे राहण्याच्या, वळण्याच्या आणि हात ओढून घेण्याच्या पद्धतीत जपानी कराटेचा ठसा स्पष्ट दिसतो. जपानी सत्तेविरुद्ध प्राण देणाऱ्याचे स्मारक जपानी मुशीतल्या हालचालींनी उभारले गेले. यात विसंगती आहे हे खरे. पण परकीयांकडून जे मिळाले त्यावर आपले नाव कोरण्याची धडपडही आहे.

पुढे हीच नावे नव्या राजकारणात सापडली. चोई १९७२ मध्ये कॅनडात स्थायिक झाले आणि नंतर त्यांचे उत्तर कोरियाशी संबंध वाढले. १९८०च्या दशकात त्यांनी राष्ट्रवादी नेते चो मान-सिक यांच्या स्मरणार्थ असलेला ‘को-दांग’ हा तूल वगळून त्याजागी ‘जुचे’ हा नवा तूल आणला. जुचे हे उत्तर कोरियाच्या अधिकृत विचारप्रणालीचे नाव. त्यामुळे चोईंच्या परंपरेतील काही शाखा आजही ‘को-दांग’च शिकवतात.

आठ त्रिरेखा आणि एक स्वस्तिक

दुसरे उत्तर दक्षिण कोरियाचे. तेथे विविध क्वान एकत्र आणून एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार करण्यात आला. १९७२ मध्ये सोलला ‘कुक्कीवॉन’ हे मुख्य केंद्र उभे राहिले आणि १९७३ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच सुमारास ‘ताएगुक’ नावाचे आठ पूमसे स्वीकारले गेले. आपल्याकडील बहुतेक तायक्वांदो वर्गांत मुले शिकतात ते हेच.

या आठ पूमसेंचा आधार ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातील आठ त्रिरेखा हा आहे. अखंड आणि खंडित रेषांच्या या आकृत्या अनुक्रमे आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि पृथ्वी दर्शवतात. त्यांपैकी आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी यांच्या चार आकृत्या दक्षिण कोरियाच्या ध्वजावर आहेत. पहिला पूमसे, ‘ताएगुक इल-जांग’, आकाशाचा आणि म्हणून आरंभाचा. त्यात अठरा हालचाली असून चालण्याची साधी ठेवण, खालचा बचाव, ठोसा आणि समोरची लाथ यांसारखी मूलभूत सामग्री आहे.

काळ्या पट्ट्यानंतरच्या पूमसेंची नावे मराठी वाचकाला अधिक जवळची वाटतील. ‘कुमगांग’ हा शब्द म्हणजे संस्कृतातील ‘वज्र’. बौद्ध ग्रंथांबरोबर ही संकल्पना चीनमार्गे कोरियात गेली. ‘इल्यो’ हा अखेरचा पूमसे सातव्या शतकातील भिक्षू वॉन्ह्यो यांच्या एकत्वाच्या विचारावर आधारलेला आहे आणि तो करताना जमिनीवर पडणारी पावलांची रेषा बौद्ध स्वस्तिकाची असते.

तिसरे उत्तर ह्वांग की यांचे. राजा जोंगजो याच्या आज्ञेने १७९० मध्ये तयार झालेला ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र युद्धविद्याग्रंथ त्यांना १९५७ मध्ये सोलमधील ग्रंथालयात पाहावयास मिळाला. त्यातील नि:शस्त्र युद्धाच्या प्रकरणाच्या आधारे त्यांनी नवे ह्युंग रचले आणि पुढे आपल्या पद्धतीस ‘सू बाक दो’ हे नाव दिले. मात्र प्योंगआनसारखे जुने ह्युंग त्यांनी टाकून दिले नाहीत. आपण काय घेतले आणि काय नव्याने रचले, हे दोन्ही त्यांच्या अभ्यासक्रमात शेजारी शेजारी दिसते. तिन्ही उत्तरांत हे अधिक प्रामाणिक वाटते.

हालचालीचा अर्थ

इतिहास इतका असला, तरी मैदानावरच्या मुलाला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एका हालचालीवरून पाहू. ताएगुक इल-जांगची पहिलीच हालचाल ‘आरे माक्की’, म्हणजे खालचा बचाव. डावीकडे वळून एक मूठ दुसऱ्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली आणायची आणि त्याच क्षणी दुसरी मूठ कमरेशी ओढून घ्यायची. वर्गात सांगितले जाते की, ही समोरून येणारी लाथ अडवण्याची रीत. पण मग दुसरी मूठ कमरेशी कशासाठी? शिक्षकाने एवढे सांगितले नाही, तर विद्यार्थ्याला ती केवळ शोभेची वाटते.

कराटेतील अनेक अभ्यासक या ओढलेल्या हाताचा अर्थ ‘पकड’ असा लावतात. समोरच्याने मनगट धरले असता त्याचाच हात कमरेकडे खेचून त्याचा तोल घालवायचा आणि दुसऱ्या हाताने प्रहार करायचा किंवा पकड सोडवायची. मालिकेत एकट्याने केलेली हालचाल तीच. जोडीदार आला की तिचा अर्थ उघड होतो. जपानी भाषेत या अर्थशोधनाला ‘बुंकाई’ म्हणतात.

कुस्तीच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. डाव एकट्याने शिकता येत नाही. मात्र डावासाठी लागणारी ताकद, लवचिकता आणि तोल जोर, बैठका आणि मल्लखांब यांतून एकट्याने कमावता येतो. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब नावारूपाला आणला, तेव्हा तो कुस्तीला पूरक व्यायामच होता. ह्युंगचेही स्थान मुळात असेच असावे. जोडीदाराबरोबर केलेल्या अभ्यासाची ती एकट्याने करावयाची उजळणी आहे. जोडीदाराचा अभ्यासच वगळला, तर उरते ती केवळ उजळणी, आणि कशाची ते कोणालाच सांगता येत नाही.

गुणांचा हिशेब

स्पर्धेच्या वाढीमुळे हा धोका अधिक जाणवतो. पहिली जागतिक पूमसे स्पर्धा २००६ मध्ये सोलला झाली. २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई खेळांत पूमसेला प्रथमच पदकाचे स्थान मिळाले. ऑलिंपिक तायक्वांदोत मात्र अजून फक्त लढतीच होतात. कराटेतील काताने टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हजेरी लावली; पुढे पॅरिसला २०२४ मध्ये कराटेच वगळले गेले.

ठरलेल्या पूमसेच्या स्पर्धेत एकूण दहा गुण असतात. चार अचूकतेचे आणि सहा सादरीकरणाचे. लहान चुकीस एक दशांश, मोठ्या चुकीस तीन दशांश गुण कापले जातात. या पद्धतीने कौशल्याची पातळी निश्चितच उंचावली. पण हालचालीचा अर्थ खेळाडूला ठाऊक आहे की नाही, याला गुण नाहीत. लाथ जितकी उंच तितकी डोळ्यांत भरते, मग मूळ मालिकेत ती कमरेइतकी का असेना.

आपल्याकडील प्रश्न

तायक्वांदो भारतात आले ते १९७०च्या दशकाच्या मध्यास. जिमी जगतियानी यांचे नाव त्या आरंभाशी निगडित आहे. त्यानंतरच्या दशकांत हा खेळ शहरांतून तालुक्यांपर्यंत झिरपला. शालेय स्पर्धा, दहावी-बारावीतील क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांमुळे ग्रामीण पालकांना त्यात मुलांचे भवितव्य दिसू लागले. यात गैर काही नाही. मात्र मूल पट्ट्यामागून पट्टे मिळवते आणि आपण काय केले हे त्याला सांगता येत नाही, अशी स्थिती असेल तर ते विद्येचे आणि मुलाचे, दोघांचेही नुकसान आहे.

म्हणून पालकांनी वर्ग निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. शिक्षक कोणत्या परंपरेतील आकृतिबंध शिकवतो, हे त्याला सांगता यावे. प्रत्येक मालिकेतील निदान काही हालचाली जोडीदाराबरोबर करून घेतल्या जाव्यात. पट्ट्याच्या परीक्षा किती अंतराने होतात आणि त्यांचे शुल्क किती, हे आधीच स्पष्ट असावे. प्रमाणपत्र देणारी संघटना स्पर्धेसाठी व सवलतीसाठी मान्यताप्राप्त आहे की नाही, याची खात्री जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करून घ्यावी.

कोरियाच्या या अनुभवात महाराष्ट्रासाठीही एक धडा आहे. इतोसु ओकिनावाच्या शाळांत कराटे नेत होते, त्यानंतर थोड्याच काळात बडोद्यात प्रा. माणिकराव भारतीय भाषेतील आज्ञांवर सांघिक व्यायाम बसवत होते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला आणि त्यात देशी शस्त्रविद्येचे तपशील मराठीत नोंदले गेले. कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आजही आहेत. लाठी, बनेटी, दांडपट्टा यांचे पवित्रे तेथे प्रत्यक्ष वस्तादाकडून शिकले जातात आणि आखाड्यागणिक रीत बदलते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

मान मिळाल्यानंतर प्रमाणीकरणाची मागणी येते. कोरियाने प्रमाणीकरण केले आणि आपली विद्या जगभर पोहोचवली; पण निरनिराळ्या क्वानच्या स्वतंत्र रीती त्यात बऱ्याच पुसल्या गेल्या आणि अर्थापेक्षा आकार पुढे आला. दांडपट्ट्याचे पवित्रे उद्या शाळांत गुणांसाठी शिकवले गेले, तर प्रत्येक पवित्र्यामागचा वार आणि बचाव त्याच्यासोबत शिकवला जाईल, याची तजवीज आजच करावी लागेल. त्यासाठी जुन्या वस्तादांच्या हयातीतच त्यांच्या रीती, आखाड्यांच्या नावांसह आणि भेदांसह, नोंदवून ठेवणे हे पहिले काम आहे.